उदगीरच्या लढाईत एकोणीस लेकरं

समजा, उद्या रविवार आहे आणि तुम्हाला एकोणीस लेकरं लातूरहून उदगीरला न्यायची आहेत. सगळ्यात लहान साडेतीन वर्षांचं, सगळ्यात मोठं सात वर्षांचं. लाल एसटी, दोन तासांचा रस्ता, आणि शेवटी एक जुनं दालन. १७६० साली पेशव्यांचं आणि निजामाचं सैन्य या भागात भिडलं, त्या लढाईच्या वस्तू तिथं मांडल्या आहेत. काचेमागं खऱ्या तलवारी, भिंतीवर भाले, जमिनीवर उघडेच ठेवलेले तोफेचे गोळे. दारावर पाटी आहे, 'दहा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही'. तुमच्याजवळची तर सगळीच दहाच्या आतली. तुम्ही सोबत काय घ्याल?

मी कागद घेऊन यादी करायला बसलो होतो. पाण्याचे कॅन, बिस्किटं, उलटीसाठी पिशव्या, लेकरांच्या शर्टावर लावायला नावाच्या चिठ्ठ्या. बालवाडी चालवणाऱ्या केवळाबाईंनी माझी यादी ऐकून घेतली आणि खुंटीवरचा बैलाचा कासरा काढला.

"ह्ये एवढंच बास हाय, इंजिनेर," त्या म्हणाल्या.

कासरा चोवीस फुटांचा होता, मी मोजला होता. दर फुटावर एक, अशा त्याला एकोणीस गाठी मारलेल्या, आणि प्रत्येक गाठीत वेगळ्या रंगाची चिंधी. एका गाठीला एक लेकरू. पुढचं टोक केवळाबाईंच्या हातात, मागचं ज्याच्या हातात द्यायचं तो माणूस त्या दिवशी मी होतो. हजेरी घ्यायची त्यांची पद्धतही वेगळी होती. लेकरांनी आपलं नाव सांगायचं नाही, गावाचं नाव ओरडायचं. कासऱ्याला हिसका बसला की पुढून सुरुवात व्हायची. उमरी! लोहा! चाकूर एक! चाकूर दोन! अहमदपूर! अशी गावं मागपर्यंत जायची आणि एखादं गाव आलं नाही की केवळाबाई जागीच थांबायच्या.

लातुरातल्या लेकरांच्या हजेरीत लातूर एकदाही यायचं नाही, याचं मला आधी नवल वाटायचं. पण ती लेकरं लातूरची नव्हतीच. तो क्लासेसच्या भरभराटीचा काळ होता, साल २००३. मोठं लेकरू अकरावी-बारावीला, डॉक्टर-इंजिनिअर व्हायला लातूरला येणार. त्याच्या डब्यासाठी आई खोली करून इथं राहणार, बाप गावाकडं शेतीवर नाहीतर नोकरीवर. आणि धाकटं? ते आईच्या पदराला धरून आलेलं. दहा बाय बाराच्या खोलीत दादा किंवा ताई दिवसभर पुस्तक उघडून बसणार आणि धाकट्याला दिवसातून पन्नासदा एकच गोष्ट ऐकू येणार: "गप बस. दादाची बारावी हाय."

अशा धाकट्यांसाठी केवळाबाईंनी आमच्या गल्लीत बालवाडी काढली होती. मी तिच्या वरच्या खोलीत राहायचो. तंत्रनिकेतनातून नुकताच डिप्लोमा झाला होता आणि अभ्यासिकांना इन्व्हर्टर बसवून देणं हा माझा धंदा होता. म्हणजे वीज गेली तरी दादाचा अभ्यास थांबू नये, ही व्यवस्था मी करायचो, आणि त्या अभ्यासाखाली दबलेली लेकरं केवळाबाई सांभाळायच्या. त्या मला तसं तोंडावर म्हणायच्या सुद्धा.

"मोठ्याची बारावी दोन सालात संपती," त्या म्हणायच्या. "धाकट्याची गप बसायची सवय कवा संपंल, सांग की."

गप बसलेल्या लेकराची त्यांना भीती वाटायची. त्याला कारण होतं.

त्या मूळच्या औसा तालुक्यातल्या. त्र्याण्णव सालच्या सप्टेंबरात, गणपती बुडवून आलेल्या गावावर पहाटे दगडमातीची घरं कोसळली, त्यात त्यांचंही घर होतं. त्या दिवशी आपल्या घरातलं कोण गेलं ते त्या सांगत नाहीत. सांगतात ते व्यंकटचं. व्यंकट हा त्यांचा भाचा, तेव्हा नऊ वर्षांचा. तो भिंतीखाली अडकला होता आणि त्याच्या हाताशी परात आली होती. त्यानं ती वाजवायला सुरुवात केली. बाहेर लोक ढिगाऱ्यावर कान लावून फिरत होते. केवळाबाईंना लांबूनच कळलं, कारण त्यांची परात एका बाजूनं चिरलेली होती आणि तिचा आवाज साऱ्या गावात वेगळा होता. त्या तिथंच खाली बसल्या आणि म्हणाल्या, "ही आमची परात. हितं उकरा." व्यंकट निघाला, गुडघ्यावर एक ओरखडा घेऊन. पुढं तो अहमदपूरच्या बँडमध्ये ढोल वाजवायला लागला. "तवापासून थांबलाच न्हाई," असं म्हणून त्या हसतात.

भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये गाव राहिलं. लेकरं कोण सांभाळील, असं मदतीला आलेल्या माणसांनी विचारलं, तेव्हा सातवी शिकलेल्या केवळाबाई उभ्या राहिल्या. ती लेकरं बोलतच नव्हती. दिलं तर खायची, सांगितलं तर बसायची. केवळाबाईंनी प्रत्येकाच्या हातात एक ताटली आणि एक चमचा दिला. रोज सकाळी दहाला दहा मिनिटं बडवायचं, बस. पत्र्याच्या शेडमध्ये तो आवाज कसा घुमत असेल याचा मी हिशेब करून पाहिला आणि सोडून दिला. पंधरा दिवसांनी एका पोरीनं दुसरीला शिवी दिली. त्या दिवशी केवळाबाईंनी साऱ्या शेडला गूळ वाटला.

व्यंकटच्या शाळेसाठी त्या लातूरला आल्या, बालवाडी काढली आणि इथंही ताटल्या आणल्या. पहिल्याच दिवशी शेजारच्या अभ्यासिकेतून पाच पोरं खाली आली, डोळे तांबारलेले, बोटं पुस्तकात घातलेली. "माय," त्यातला एक हात जोडून म्हणाला, "सराव परीक्षा हाय हो." केवळाबाईंना त्या पोरांचीही कणव आली. ताटल्या माळ्यावर गेल्या. मग त्यांनी लेकरं मैदानावर नेऊन पाहिली, तर तिथं पोलीस भरतीवाले धावत होते आणि त्यांचा मास्तर लेकरांवर शिट्ट्या फुंकत होता. सगळ्या लातुरात ओरडायला जागा म्हणून उरली नव्हती.

अशात एकदा मी उदगीरच्या दालनात कामाला गेलो. तिथं लढाईचा एक मोठा देखावा होता, बारा फूट बाय आठ फूट. मातीचे सैनिक, मातीचे हत्ती, मधे किल्ला. कोणतं सैन्य कुठून आलं ते दाखवायला मी त्याला छोटे दिवे बसवले, आणि तोफांच्या आवाजाची एक टेप जोडून दिली. केवळाबाईंना उदगीरला एका नातेवाइकाकडं जायचं होतं म्हणून त्या माझ्याबरोबर आल्या होत्या. आवारात शिरल्या आणि अंगणातल्या तोफेपाशी थांबल्या.

"ह्याचा आवाज कुठवर जायचा?"

"चार-पाच कोसांवर ऐकू जात असणार," मागून उत्तर आलं. ते रेणुकादास सर होते. इतिहासाचे निवृत्त शिक्षक. दालन त्यांनीच उभं केलं होतं, झाडायचेही तेच. "आणि हे सैन्य नुसतं उदगीरला थांबलं नव्हतं, बाई. लढाई चालत चालत औशाकडं गेली."

"औशाकडं? म्हंजे आमच्याच रानातून की!" केवळाबाई मनापासून खूश झाल्या. "मंग माझी लेकरं हितंच आणायची. लढाईच्या जाग्यात आवाज करू नका, असं कोण म्हणंल?"

"मी म्हणेन," सर म्हणाले. "पाटी वाचलीत का?"

"वाचली की. कशापायी लावली?"

सरांनी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी पाहुण्यांबरोबर आलेल्या एका पाच वर्षांच्या मुलानं तोफेचा गोळा पायऱ्यांवरून सोडला. गोळा रस्ता ओलांडून समोरच्या हॉटेलात गेला आणि भजी तळणाऱ्या माणसाच्या दोन पायांमधून जाऊन भट्टीला टेकला.

"माणसाला लागलं का?"

"नाही."

"भज्याला?"

सर हसले नाहीत. पण केवळाबाई काही हलेनात. शेवटी सरांनी एक अट घातली. "एकदा आणा. एक तास. आरडाओरडा नाही, पळापळ नाही, काचेला हात नाही. जमलं तर ही पाटी मी स्वतःच्या हातानं काढीन, आणि तुमचीच काय, कुठल्याही शाळेची लहान मुलं आत घेईन. नाही जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. कधीच."

"कधीच?"

"कधीच."

परतीच्या गाडीत केवळाबाईंनी बेत सांगितला. पहिल्या खेपेला गप, पाटी निघू द्यायची, मग पुढच्या खेपेला काय ते बघू. बेत चांगला होता. अडचण एवढीच, की लेकरांना 'गप बसा' म्हणून सांगणार कोण? आठवडाभर त्या रोज ठरवायच्या आणि रोज टाळायच्या. शनिवारी संध्याकाळी मला म्हणाल्या, "त्वांडातून शब्दच निघंना बग. सा वर्सांत एकाला बी म्हनले न्हाई मी, गप बस म्हणून." तर लेकरांना कोणी काहीच सांगितलं नाही, आणि आम्ही निघालो.

रविवारी क्लासेसच्या परीक्षा असतात, त्यामुळं आयांनी लेकरं आनंदानं दिली. सोबत एकच आई आली, राजश्रीताई. त्यांचे मालक उमरीला शाळेत मास्तर, मोठी मुलगी बारावीला, धाकटी मुग्धा सहा वर्षांची. मुग्धा बालवाडीतली पुढारी होती. तिच्या मागच्या गाठीला लोह्याचा गंधार असायचा, चार वर्षांचा. तो प्रत्येक गोष्ट आधी मुग्धाला विचारायचा आणि मग करायचा. शिंकायचं असलं तरी.

एसटीत जे झालं ते पाहून माझा धीर सुटला. गाडी हलली आणि केवळाबाईंनी कासऱ्याला हिसका दिला. उमरी! लोहा! चाकूर एक! चाकूर दोन! नळेगाव येईपर्यंत अशी सात वेळा हजेरी झाली. मधे एक म्हातारा उठून म्हणाला की अहमदपूरच्या पोराचा आवाज बारीक पडला, त्याला पुन्हा म्हणायला लावा, कारण ते त्याचंही गाव होतं.

"मावशी," कंडक्टर कानात बोट घालून म्हणाला, "लेकरं हायत का फटाक्याची माळ?"

"माळच हाय. एक बी वायली पडायची न्हाई, बगा."

"पण उदगीरला न्हेऊन काय करनार?"

"लढाई."

"मंग जिंकता बगा तुमी," कंडक्टर म्हणाला.

मी राजश्रीताईंकडं पाहिलं, त्यांनी माझ्याकडं. पाटी काही निघत नाही, हे आम्हा दोघांना कळून चुकलं होतं. केवळाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. उदगीर जवळ आलं तसं त्यांच्या हातातलं कासऱ्याचं टोक बोटाला गुंडाळलं जात होतं आणि पुन्हा सुटत होतं.

दालनाचं दार उघडं होतं. आत दारासमोरच सरांचं टेबल. जानेवारीची थंडी, म्हणून सरांनी कानाला मफलर बांधला होता. टेबलावर दिवा, वह्यांची चळत, पाण्याची बाटली, लाल आणि निळा असे दोन पेन. मागं भिंतीवर वेळापत्रक. त्याच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'शांतता राखा'. सर मान खाली घालून काहीतरी लिहीत होते.

पहिल्या पायरीवर मुग्धा थांबली, तिनं आत पाहिलं आणि मागं वळून ओठांवर बोट ठेवलं. गंधारनं त्याच्या मागच्याला केलं, त्यानं त्याच्या मागच्याला. कासऱ्यावरून ते बोट माझ्यापर्यंत येऊन पोचलं. मग एकोणीस लेकरांनी चपला काढल्या. भिंतीला लावून जोड्या केल्या, डावी-उजवी नीट. आणि चवड्यांवर चालत ती आत गेली.

केवळाबाई दारातच उभ्या. "आरं," त्या मला हळूच म्हणाल्या, "ह्येंला काय झालं?"

पुढची चाळीस मिनिटं सरांच्या आयुष्यातली सुखाची असावीत. त्यांनी तलवारी दाखवल्या, ढाली दाखवल्या, चिलखत दाखवलं. सैन्याला रोज किती दाणागोटा लागायचा ते सांगितलं. लेकरं काचेपासून हातभर लांब, हात मागं बांधून. कोणी शिंकलं नाही, कोणी ढकललं नाही. तोफेच्या गोळ्यांच्या ढिगाजवळून जाताना सर हात पसरून आडवे उभे राहिले. लेकरं गोळ्यांना वळसा घालून गेली. चाकूर दोनला खोकला आला तर त्यानं तो सदऱ्यात तोंड घालून खोकला.

"अहो, काय ही शिस्त!" सर राजश्रीताईंना म्हणाले. "मी कॉलेजची मुलं आणतो, ती अशी वागत नाहीत. कोणी लावली?"

राजश्रीताईंनी डोळ्यांनीच केवळाबाईंकडं खूण केली. केवळाबाई तर पहिल्या काचेपासूनच गप होत्या. मी त्यांना एवढं गप कधी पाहिलं नव्हतं. त्या तलवारींकडं बघतच नव्हत्या, लेकरांच्या तोंडाकडं बघत होत्या. मधेच वाकून, भिंतीवरच्या चित्राकडं बोट करून त्यांनी गंधारला विचारलं, "हत्ती बघिटला का रे?" गंधारनं मुग्धाकडं पाहिलं, मुग्धानं मान हलवली, मग गंधारनं मान हलवली. हत्ती बघितला होता. बास.

शेवटी आम्ही लढाईच्या देखाव्यापाशी आलो. सरांनी बटणं दाबली, माझे दिवे लागले, हिरवे, केशरी. टेपचं बटण मात्र त्यांनी दाबलं नाही. ते ती कधीच लावायचे नाहीत, आवाजानं काचा थरथरतात म्हणून. घड्याळ पाहून त्यांनी पेन खिशाला लावला आणि प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले, "बाई, तुम्ही जिंकलात. पाटी आजच काढतो."

तेवढ्यात मुग्धा गाठ सोडून पुढं आली. सरांच्या सदऱ्याचं टोक तिनं ओढलं. सर खाली वाकले. ती त्यांच्या कानात बोलली, पण त्या शांततेत ते आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं.

"आमी जातो आता. तुमी अभ्यास करा."

"कसला अभ्यास, बाळ?"

"बारावीचा." तिनं मग आपुलकीनं विचारलं, "दादा, तुमचा पेपर कवा हाय?"

सरांचं वय तेव्हा साठ होतं. ते तसेच वाकलेले राहिले. "मी? बारावीला?" त्यांनी सगळ्या लेकरांकडं पाहिलं. एकोणीस माना हलल्या. दिवा, मफलर, लाल-निळे पेन, भिंतीवर वेळापत्रक आणि 'शांतता राखा'. आमच्या गल्लीतली कुठलीही अभ्यासिका अशीच दिसते. लेकरांनी पहिल्या पायरीवरच ओळखलं होतं, की इथंही कोणाची तरी बारावी आहे.

"आणि मी इतका वेळ बोलत होतो ते?" सरांनी गंधारला विचारलं. "ते काय होतं?"

गंधारनं मुग्धाकडं पाहिलं. तिनं परवानगी दिली.

"पाठांतर," तो कुजबुजला. "लई चांगलं पाठ झालंय तुमचं."

मला हसू आवरेना, राजश्रीताईंनी पदर तोंडाला लावला. सर मात्र स्टुलावर बसले. "म्हणजे कोणी काही ऐकलंच नाही," ते स्वतःशी म्हणाले. मग केवळाबाईंकडं वळून म्हणाले, "असो. शब्द दिला होता. आवाज झाला नाही हे खरं. पाटी काढतो."

केवळाबाईंनी नुसतं हो म्हणायचं होतं. आठवडाभर ज्याच्यासाठी जीव टांगला होता ते हातात आलं होतं.

"नगा काढू," त्या म्हणाल्या.

"काय?"

"नगा काढू, सर. ही लेकरं आलीच न्हाईत अजून. ह्यांच्या चपला आल्या, पाय आले. ती अजून त्या दहा बाय बाराच्या खोलीतच बसल्यात." त्यांचा आवाज जरा चढला होता, त्यांनी तो खाली आणला. "गप लेकरालाच आत घेनार आसाल, तर पाटी ऱ्हाऊ द्या. मी घिऊन जाते त्येंला."

"मग मी काय करावं अशी तुमची इच्छा आहे, बाई?"

तेव्हा त्यांनी सरांना व्यंकटची आणि चिरलेल्या परातीची गोष्ट सांगितली. चार वाक्यांत. 'हितं उकरा' वर थांबल्या.

सरांनी देखाव्याकडं पाहिलं. मातीचे शेकडो सैनिक तोंडं उघडून उभे होते, आणि कोणाचाच आवाज येत नव्हता. त्यांनी मला विचारलं, "ती टेप चालते का हो?"

"चालते. काचांना काही होणार नाही, आवाज निम्म्यावर ठेवला तर."

"लावा. निम्म्यावर नको."

मी बटण दाबलं. दोनच स्पीकर होते, पण खोली दगडी होती. पहिली तोफ उडाली तशी लेकरं एकमेकांना चिकटली आणि सगळ्यांनी सरांकडं पाहिलं. दादा रागावणार.

सर उभे राहिले. मफलर काढून टेबलावर टाकला. "ऐका रे," ते म्हणाले. "माझी परीक्षा झाली. शेवटचा पेपर चौसष्ट साली झाला. संपलं. आता बोला."

मुग्धानं आधी खात्री करून घेतली. "पास का?"

"पास. सेकंड क्लास."

केवळाबाईंनी कासऱ्याला हिसका दिला.

"लोहा!" गंधार मुग्धाच्याही आधी ओरडला, आणि या वेळी त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. उमरी! चाकूर एक! चाकूर दोन! तोफा एकीकडं, गावं एकीकडं. तिसऱ्या फेरीला सरांनी मधेच "उदगीर!" अशी आरोळी ठोकली आणि ओशाळून चष्मा पुसला. समोरच्या हॉटेलातला भजीवाला झारा घेऊन दारात आला. गोळा सुटला का, एवढंच त्याला बघायचं होतं.

आणि मग प्रश्न सुरू झाले. हत्तीला थंडी वाजती का? चिलखत घालून शी कशी करायची? ह्या सगळ्यांचा डबा कोण आणायचं? निजामाच्या माणसाला मराठी येत होतं का, न्हाई तर भांडण कसं झालं? सर घामाघूम झाले. काही उत्तरं आली, काहींना "बघून सांगतो" म्हणाले. एक प्रश्न तर त्यांनी लाल पेननं वहीत लिहून घेतला. गंधार देखाव्याभोवती दोन चकरा मारून आला.

"लेकरं कुठं हायत?" त्यानं विचारलं.

"कोणती लेकरं?"

"ह्या गावातली. सैनिक हाय, घोडा हाय, किल्ला हाय. लेकरं न्हाईत."

सरांनी देखावा पाहिला. तो त्यांनीच करवून घेतला होता. गावातली घरं होती, झाडं होती, विहीरसुद्धा होती. "असतील ना," ते सावकाश म्हणाले. "घरात असतील. रानात लपवली असतील. तळघरात."

"गप बसवून?" मुग्धानं विचारलं.

"हो. आवाज येऊ नये म्हणून."

"मग?"

"मग काय ते कागदांत लिहिलेलं नाही, बाळ."

त्या दिवशी आम्ही एका तासाऐवजी अडीच तासांनी निघालो. चपलांच्या जोड्या मात्र पार विस्कटलेल्या सापडल्या, चाकूरच्या दोघांतला एक दोन डाव्या आणि दुसरा दोन उजव्या घालून लातूरला आला.

दोन आठवड्यांनी मी दालनात स्पीकर बदलायला गेलो तेव्हा दारावर नवी पाटी होती: 'दहा वर्षांखालील मुलांना प्रवेश दर रविवारी, दहा ते अकरा. या वेळेत शांतता मिळणार नाही.' उघड्यावरचे गोळे तेवढे सिमेंटनं जमिनीला बसवले होते. देखाव्यात विहिरीजवळ तीन नव्या, बोटाएवढ्या मूर्ती होत्या. सरांनी त्या कुंभाराकडून करून घेतल्या होत्या, पण कुठं ठेवाव्यात ते त्यांना ठरवता येत नव्हतं. कधी घरामागं ठेवायचे, कधी किल्ल्याच्या पायथ्याशी.

केवळाबाई आता पासष्टीच्या पुढं आहेत. कासरा दोनदा बदलला, गाठी तेवढ्याच. क्लासेस वाढले तशी धाकटी लेकरंही वाढली, आणि जानेवारी आला की त्या अजून एसटी गाठतात. हजेरीत आता देगलूर आहे, निलंगा आहे. मुग्धा मोठी होऊन स्वतः बारावी झाली. तिच्या खोलीत त्या वर्षी रेडिओ चालू असायचा, असं राजश्रीताईंनी मला सांगितलं.

सर गंधारचा तो प्रश्न विसरले नाहीत. जुने कागद चाळतात, कोणी मोडी वाचणारा आला की विचारतात. सैन्य किती, हत्ती किती, तह कुठं झाला, सगळं सापडतं. केवळाबाई प्रत्येक खेपेला लेकरांच्या मागून आत येतात, त्या तीन मूर्ती या वेळी कुठं आहेत ते बघतात आणि आपला प्रश्न विचारतात. गंधारनं विचारलं होतं त्याच्या पुढचा. लेकरं कुठं लपली होती हे त्यांना अंदाजानं कळतं, त्यांना गप कोणी बसवलं तेही कळतं. त्यांना हवंय ते वेगळंच.

"सर, सापडलं का ओ काही?" गेल्या रविवारी त्यांनी पुन्हा विचारलं. "लढाई संपली, आता बोला, असं त्या लेकरांला जाऊन कुनी सांगिटलं?"